आजीचा मुडा आणि राणीच्या बागेतले पेंग्विन

मागच्या डिसेंबरात आम्ही शाळेची सातवीची सहल राणीच्या बागेत नेली. घणसोलीहून बस निघाल्यापासून पोरांच्या तोंडी एकच विषय होता, पेंग्विन. काचेपुढे पोचल्यावर सगळे ओरडायला लागले. एक मुलगा मात्र काचेला नाक लावून बराच वेळ गप्प उभा होता. मग त्याने मला विचारलं, "बाई, हे परत समुद्रात जाणार का?"

नाही जाणार, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मग यांना ठेवून प्राणी वाचतात कसे?"

मागे दुसऱ्या शाळेची रांग उभी होती, आम्हाला पुढे सरकावं लागलं. त्याला तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर आता सविस्तर लिहिते आहे. तो प्रश्न त्या एकट्याचा नाही, आणि पालकसभेत मोठी माणसंही तेच विचारतात.

उत्तराची सुरुवात माझ्या आजीपासून करावी लागेल. खाडीच्या कडेला आमची खारी शेती होती. खाऱ्या जमिनीत वाटेल ते भात येत नाही. तिथे राता लागतो, तांबड्या तांदळाचा. कापणी-झोडणी झाली की आजी सगळ्यात आधी बियाण्याचं भात वेगळं काढायची, पेंढ्यात गुंडाळायची, दोरीने घट्ट आवळून त्याचा मुडा बांधायची आणि माळ्यावर ठेवायची. जेठ महिन्यात घरातलं धान्य तळाला लागलं तरी त्या मुड्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. आजी शेजारून उसने तांदूळ आणायची, पण मुडा सोडायची नाही. बी खाल्लं तर पेरणार काय, एवढंच तिचं म्हणणं.

प्राण्यांच्या बाबतीत चांगलं प्राणिसंग्रहालय हेच काम करतं. रानातलं पीक बुडालंच तर पुन्हा पेरायला बी शिल्लक असावं म्हणून ते जपून ठेवतं. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. बी शुद्ध हवं, पुरेसं हवं, रुजण्याच्या लायकीचं हवं, आणि पेरायला शेत हवं. यातलं एक जरी हुकलं तरी माळ्यावरचा मुडा नुसता पेंढ्याचा गोळा होतो.

पीक बुडतं म्हणजे काय होतं, ते आपल्याच आकाशात घडलेलं आहे. माझे वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी बैल मेला की तो गावाबाहेर खाडीकडे नेऊन टाकायचे, आणि दिवस मावळायच्या आत गिधाडं तो साफ करून टाकायची. आज घणसोलीतल्या एकाही मुलाने गिधाड पाहिलेलं नाही. १९९० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडं झपाट्याने कमी होताना दिसली. काही वर्षांत देशभर तेच झालं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत जवळजवळ ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारात एक पक्षी उरला. दक्षिण मुंबईत डुंगरवाडीला पारशी समाजाची शतकानुशतकं चालत आलेली अंत्यविधीची रीत गिधाडांवाचून अडून बसली, ती याच काळात.

कारण कुणाच्या ध्यानीमनी नसलेलं निघालं. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ मध्ये ते जगापुढे आलं. गुरांना सूज आणि वेदना कमी करायला डायक्लोफेनॅक नावाचं स्वस्त औषध देत. असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडाने खाल्लं की पक्ष्याची मूत्रपिंडं निकामी होतात, यूरिक आम्ल रक्तात साठतं आणि आतल्या अवयवांवर पांढऱ्या भुकटीसारखं बसतं. पक्षी दोन-चार दिवसांत मरतो. गिधाडं शेकडोंनी एका मढ्यावर जमतात आणि वर्षाला एकच अंडं घालतात, त्यामुळे शंभर मढ्यांमागे एखाद्या मढ्यात औषध असलं तरी सगळा थवा संपायला ते पुरतं. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या मात्र गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीवर तीन मिलिलीटरची मर्यादा आली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या तशाच घातक औषधांवर बंदी यायला २०२३ उजाडलं.

या तारखांकडे नीट पाहा. धोका ओळखणं, औषध बंद करणं, पळवाटा बुजवणं यात जवळजवळ वीस वर्षं गेली. तेवढा वेळ गिधाडांकडे नव्हता. नशिबाने कारण कळायच्या आधीच, २००१ मध्ये, हरियाणात पिंजोरला वनखातं आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांनी मिळून गिधाडं सांभाळायचं एक केंद्र सुरू केलं. पुढे पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि भोपाळ इथेही तशी केंद्रं झाली. या केंद्रांतली एक युक्ती मला फार आवडते. जोडीने घातलेलं पहिलं अंडं हलकेच काढून इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. अंडं गेलं असं समजून जोडी दुसरं अंडं घालते. जिथे वर्षाला एक पिल्लू मिळायचं तिथे दोन मिळू शकतात. २०२० मध्ये पिंजोरची पांढऱ्या पाठीची आठ गिधाडं मोकळ्या आकाशात सोडली. जानेवारी २०२४ मध्ये वीस गिधाडं महाराष्ट्रात आली, लांब चोचीची दहा ताडोबाला आणि पांढऱ्या पाठीची दहा पेंचला. त्यातली काही दगावली. पेरलेला प्रत्येक दाणा उगवत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

पिंजोरचे हे पिंजरे तिकीट काढून बघता येत नाहीत. पैदाशीचे पक्षी माणसांपासून लांब ठेवलेले असतात. संवर्धनाचं सगळ्यात मोलाचं काम बहुतेक वेळा असं पडद्याआड चालतं. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात पिसोरी हरणं वाढवली, तीही प्रेक्षकांपासून दूर, तिथल्याच पेशीविज्ञान संस्थेच्या मदतीने. त्यांतली बरीच तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात सोडली गेली. पिसोरी म्हणजे सशापेक्षा थोडं मोठं, शिंगं नसलेलं, ठिपक्यांचं लाजरं जनावर. आपल्या सह्याद्रीतही आहे, पण दिसलेली माणसं विरळा.

आता पुरेसं बी म्हणजे किती? इथे थोडं गणित करू, सातवीतल्या मुलालाही जमेल इतकंच. प्रत्येक प्राण्याच्या शरीरात प्रत्येक जनुकाच्या, म्हणजे अंगातले गुण ठरवणाऱ्या घटकाच्या, दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. पिल्लाला देताना त्यातली एकच जाते, आणि कोणती जाईल ते नाणेफेकीवर ठरतं. कळप लहान असेल तर काही प्रती कुणाच्याच वाट्याला येत नाहीत आणि कायमच्या हरवतात. एका पिढीत किती वैविध्य हरवेल याचा अंदाज काढायला पैदास करणाऱ्या प्राण्यांची संख्या दुप्पट करायची आणि एकाला तिने भागायचं. दहा प्राणी असतील तर विसावा हिस्सा, म्हणजे दर पिढीला ५ टक्के. पन्नास असतील तर फक्त १ टक्का. प्राणिसंग्रहालयांनी बऱ्याच प्रजातींसाठी धरलेलं उद्दिष्ट असं आहे की शंभर वर्षांनी मूळच्या वैविध्यातलं ९० टक्के तरी शिल्लक राहावं.

याच हिशेबाने एक दिलासा देणारी गोष्टही निघते. एकमेकांच्या नात्यात नसलेले फक्त वीस प्राणी रानातून आणले, तरी रानातल्या वैविध्याचा साडेसत्त्याण्णव टक्के भाग त्यांच्यात आलेला असतो. सुरुवात थोड्यांपासून करता येते, पण नंतर संख्या लवकर वाढवावी लागते. युरोपातला बायसन, म्हणजे तिकडचा रानगवा, १९२० च्या दशकात रानातून पूर्ण संपला होता आणि संग्रहालयांत पन्नासेक उरले होते. आज सात हजारांहून जास्त बायसन आहेत, आणि ते सगळे मूळच्या अवघ्या बारा जनावरांचे वंशज आहेत.

बारांवरून सात हजारांवर जाताना कुणाची जोडी कुणाशी लावायची, हे कुणीतरी लिहून ठेवलं म्हणूनच जमलं. त्या वहीला स्टडबुक म्हणतात. बायसनचं स्टडबुक १९३२ मध्ये निघालं, वन्यप्राण्यांसाठीचं ते पहिलं. प्रत्येक जनावराचा क्रमांक, आई, बाप, जन्म, मृत्यू, कुठून कुठे गेलं, सगळं त्यात. आपल्याकडे सोयरीक जुळवताना वडीलधारी माणसं कूळ विचारतात, मामेकुळापर्यंत जाऊन नातं काढतात. स्टडबुक सांभाळणारी माणसं तेच काम शेकडो प्राण्यांसाठी करतात. ज्या प्राण्याचे नातेवाईक कळपात सगळ्यात कमी, त्याला आधी जोडीदार शोधायचा, कारण त्याच्या प्रती हरवण्याचा धोका जास्त. बाजूच्याच पिंजऱ्यात मादी आहे म्हणून जोडी लावायची, असं चालत नाही. म्हणून प्राण्यांची शहराशहरांत देवाणघेवाण होते. २०२२ च्या अखेरीस जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सिंहाची जोडी आली आणि त्या बदल्यात आपल्याकडून वाघाची जोडी तिकडे गेली, ती याच रीतीने. बातम्यांत ती गंमत म्हणून आली. येऊरच्या डोंगरापलीकडे घडलेली ही प्रत्यक्षात वंश राखण्याच्या कामातली देवाणघेवाण होती.

गीरचे शुद्ध सिंह आणायला सक्करबागच का, याला एक कडू कारण आहे. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात एके काळी आशियाई सिंह भरपूर वाढवले गेले. तिथे सर्कशीतले सिंहही आले होते, आणि त्यांच्यात आफ्रिकी सिंहांचं रक्त मिसळलेलं होतं. वंशाची तपासणी झाली तेव्हा कळलं की पिंजऱ्यातले सिंह संकरित आहेत. गीरच्या सिंहांसाठी बी म्हणून त्यांचा काहीच उपयोग नव्हता. त्यांची पैदास थांबवावी लागली आणि उरलेले म्हातारे होऊन मरेपर्यंत सांभाळावे लागले. राताच्या बियाण्यात दुसरं भात मिसळलं तर खाऱ्या शेतात काय उभं राहील, हे आजीला माहीत होतं. म्हणून ती मुड्याचं भात वेगळ्या खळ्यावर झोडायची.

पांढऱ्या वाघाचं प्रकरण याहून वाईट आहे. त्याच्यापुढे सगळ्यात मोठी गर्दी असते, म्हणून इथे स्पष्ट लिहायला हवं. पांढरा वाघ ही वेगळी प्रजात नाही. बंगाली वाघातच क्वचित दिसणारा तो रंगाचा बदल आहे, आणि आई-बाप दोघांकडून तीच प्रत आली तरच दिसतो. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचं पांढरं पिल्लू पकडलं. पांढरी पिल्लं मिळावीत म्हणून त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली, आणि तोच प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालला. जगभरच्या पिंजऱ्यांतले बहुतेक पांढरे वाघ त्या मोहनचे वंशज आहेत. त्यांच्यात तिरळेपणा आणि इतर जन्मजात दोष वारंवार दिसतात. वाघ वाचवण्याच्या कामात त्यांचा वाटा शून्य आहे. माझ्या मते त्यांची पैदास पूर्ण थांबायला हवी आणि पाटीवर ही सगळी हकीकत लिहायला हवी.

पुढची अडचण रुजण्याची. पिंजऱ्यात जन्मलेला प्राणी रानात जगेल का? कॅलिफोर्नियाच्या कॉन्डॉर गिधाडांच्या बाबतीत हा प्रश्न फार तीव्र झाला होता. १९८२ मध्ये जगात फक्त २२ कॉन्डॉर उरले होते. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून आणला आणि त्यावर मोठा वाद झाला. सॅन दिएगो आणि लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांत ते वाढले. पिल्लांना माणसांची ओळख लागू नये म्हणून कॉन्डॉरच्या डोक्यासारखी कापडी बाहुली हातात घालून त्यांना भरवत. तरी १९९२ पासून सोडलेले सुरुवातीचे पक्षी विजेच्या खांबांवर जाऊन बसायचे आणि शॉक लागून मरायचे. मग सोडण्याआधी मोठ्या पिंजऱ्यात खोटे खांब उभे केले आणि बसल्यावर बारीकसा झटका बसेल अशी सोय केली. पक्षी खांब टाळायला शिकले. आज रानातले आणि पिंजऱ्यातले मिळून पाचशेहून जास्त कॉन्डॉर आहेत.

आसामातल्या पिग्मी हॉगची गोष्ट मला याहून जवळची वाटते, कदाचित तो इतका छोटा आणि दुर्लक्षित आहे म्हणून. हे जगातलं सगळ्यात लहान रानडुक्कर. खांद्यापाशी उंची जेमतेम पाऊण फूट. उंच ओल्या गवतात राहतं. ते नामशेष झालं असंच लोक धरून चालले होते, आणि १९७१ मध्ये ते पुन्हा सापडलं. १९९६ मध्ये मानसच्या रानातून फक्त सहा डुकरं पकडून गुवाहाटीजवळ बसिष्ठ इथे पैदास सुरू केली. ड्युरेल ही परदेशातली वन्यजीव संवर्धन संस्था आणि आसाम वनखातं यांचं हे काम. सोडण्याआधी त्यांना काही महिने नामेरीजवळच्या गवताळ कुंपणात ठेवतात, माणसाचा वावर तिथे अगदी कमी. ती स्वतः अन्न उकरायला आणि गवताचं घरटं बांधायला लागली की मग रानात. २००८ मध्ये सोनाई रूपाई अभयारण्यात पहिली सोळा सोडली. त्यानंतर आजवर शंभराहून जास्त डुकरं आसामच्या गवताळ रानांत परत गेली आहेत, मानसमध्येही.

हे सगळं वाचून प्रत्येक प्राणिसंग्रहालय असं काही करत असेल असं वाटू शकतं. तसं नाही. पिंजऱ्यांपुढच्या पाट्या वाचत फिरलात तर बरेचसे प्राणी संकटात नसलेले दिसतील, आणि संकटात असलेले बहुतेक कधीच रानात जाणार नसतात. काही जागा मुळात दवाखान्यासारख्या असतात. २०१९ मध्ये ठाण्यात समतानगरजवळच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, आठवत असेल. असे पकडलेले, जखमी किंवा आईपासून तुटलेले प्राणी बोरिवलीच्या बचाव केंद्रात येतात. तिथे माणसं मन लावून काम करतात. पण त्या बिबट्यांचा जीव वाचवणं आणि बिबट्या ही जात वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विनही बियाण्यात बसत नाहीत. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी खरोखर संकटात आहे. तिथे साठलेली पक्ष्यांची विष्ठा खतासाठी खणून नेल्याने त्याची बिळं गेली आणि मासेमारीने त्याचं अन्न गेलं. भायखळ्याचे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ आले. त्यांना बघून मुलांचं कुतूहल जागं होतं, ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. पण पेरूच्या किनाऱ्यावर त्यामुळे पक्षी वाढणार नाहीत, आणि मुलांना आपण तसं सांगू नये.

आपल्या देशात १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे, त्याच्या मान्यतेशिवाय संग्रहालय चालवता येत नाही. पिंजऱ्यांची मापं, डॉक्टर, नोंदी, सगळ्याचे नियम आहेत. राष्ट्रीय स्टडबुकं डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तयार केली आहेत. चौकट आहे. ती कितपत पाळली जाते, ते जागोजागी वेगळं.

आता शेताबद्दल. अरबस्तानातला ओरिक्स हा लांब सरळ शिंगांचा पांढरा हरणासारखा प्राणी. रानातला शेवटचा ओरिक्स १९७२ मध्ये ओमानमध्ये शिकाऱ्यांनी मारला. त्याच्या दहा वर्षं आधीच काही जणांनी शेवटचे थोडे प्राणी पकडून, राजेरजवाड्यांकडचे मागून आणून, अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नऊ जनावरांचा कळप जमवला होता. तो वाढला. १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ओरिक्स परत गेले आणि हरासिस जमातीची माणसं त्यांची राखण करू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चारशे झाले. मग चोरटी शिकार सुरू झाली, संख्या ६५ वर आली, आणि तेलाच्या शोधासाठी सरकारने अभयारण्याचा ९० टक्के भाग काढून घेतला. २००७ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारशाच्या यादीतून वगळली. यादीतून वगळली गेलेली ती पहिलीच जागा. इतर देशांत सोडलेले कळप टिकले म्हणून आज ओरिक्स रानात आहे.

माळढोकाचं तेच चाललं आहे. आपल्या सोलापूरच्या नान्नजला एके काळी हक्काने दिसणारा हा पक्षी आता महाराष्ट्रातून जवळजवळ गेला. जैसलमेरजवळ २०१९ पासून त्याची पैदास होते आहे, अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांनाही पिल्लं होऊ लागली आहेत. पण माळरानावर विजेच्या तारा आहेत. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तो तारांवर आदळून मरतो. तारा जमिनीखाली घालायचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पिल्लं तयार होतील, त्यांना सोडायचं कुठे?

आमच्या जमिनी शहरासाठी गेल्या त्या वर्षीही आजीने मुडा बांधला होता. पुढच्या वर्षी पेरायला शेत नव्हतं. मुडा माळ्यावर राहिला. काही वर्षांनी घर पाडून नवं बांधताना तो खाली काढला तेव्हा भात किड्यांनी पोखरलं होतं. राहिलेलं आजीने मडक्यात ओल्या मातीत टाकून पाहिलं. एकही दाणा फुटला नाही. भाताचं बी दोन-तीन वर्षांच्या पुढे टिकत नाही, ते दर पावसात शेतात जावंच लागतं.

यंदा सातवीची सहल ऐरोलीला नेणार आहे, खाडीत. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलं. हिवाळ्यात तिथे हजारोंनी रोहित पक्षी चिखलातलं शेवाळ गाळून खात असतात, कुंपणाशिवाय, काचेशिवाय. यातल्या लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) या जातीला जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावरचा म्हणून नोंदवलं आहे. त्याच्यासाठी अजून तरी कुणाला मुडा बांधावा लागलेला नाही. काचेला नाक लावणारा तो मुलगा आता आठवीत गेला, पण त्यालाही सोबत घेते आहे. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, म्हणून पालकांना तारीख अजून कळवलेली नाही.